पाशिंजर

“मागलं डावं दार आतून उघडत नाय. बसलेल्याला आपणच भायेरनं उघडून द्यायचं. ध्यानात ठेव.”

मोटार पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा पुंडलिकने नर्मदेला एवढंच सांगितलं होतं. ती कुंकवाचं ताट घेऊन उभी, आणि हा तिला दाराची मूठ फिरवून दाखवत होता. तेव्हा त्याचा आवाज मोठा होता. बोईसर स्टेशनाबाहेर उभा राहून तो “तारापूर, चिंचणी, तारापूर” अशी हाळी द्यायचा, ती फलाटाच्या पार टोकाला जायची.

आता तो ओटीवरच्या खाटेवर पडून होता. उजवं अंग गेलेलं, जीभ गेलेली. घशातून नुसता एक घोगरा सूर निघायचा, तोही पाण्यासाठी की दुखण्यासाठी ते नर्मदेलाच कळायचं. पण सकाळी देवापुढे दिवा लावून ती नाव घ्यायला बसली की मधेच तो जुना आवाज कानात यायचा. ध्यानात ठेव. मग ती डोळे घट्ट मिटून नाव पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

वैशाख अर्धा सरला होता. तारापूरकडे समुद्रकाठी सरकारनं विजेचं मोठं काम काढलं होतं आणि त्याच्यासाठी स्टेशनापासूनचा रस्ता रुंद होत होता. दिवसभर ट्रक जायचे. ओटी, तुळस, वाळत घातलेली धुणी, सगळ्यांवर लाल धूळ बसायची. नर्मदा तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसायची, दुपारपर्यंत ती पुन्हा लाल व्हायची.

एक दिवस साखळी घेऊन माणसं आली. त्यांनी चुन्याची रेघ ओढली. ती तुळशीला चिकटून गेली आणि मोटार ठेवलेल्या छपराच्या मधोमध शिरून पलीकडे निघाली. त्यांच्यातला टोपीवाला बुटासकट ओटीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “हे छप्पर काढून घ्या. आतलं धूडही हलवा. पावसाच्या आत मशीन येईल, ते बघत नाही काय आहे नि काय नाही. ढकलून देईल खड्ड्यात.”

खाटेवरून घोगरा सूर आला. टोपीवाल्यानं दचकून तिकडे पाहिलं. “यांना काय झालंय?”

“बरं नाही त्यांना,” नर्मदा म्हणाली, आणि पदरानं पुंडलिकच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ टिपली. परक्या माणसासमोर तिनं ती टिपली म्हणून पुंडलिकनं मान भिंतीकडे वळवली.

भगवंत, त्यांचा मुलगा, त्या समुद्राकडच्या कामावरच होता, एका मुकादमाच्या हाताखाली. संध्याकाळी येऊन त्यानं रेघ पाहिली आणि म्हणाला, “बरं झालं. नायतरी सडतेच हाय. पालघरचा भंगारवाला हाय, रामकिसन. त्याला बोलावतो.”

“मोटार विकायची?”

“मोटार कुठली आई? लोखंड विकायचं.”

भगवंतची बायको उषा चुलीपाशी बसली होती. सातवा चालू होता तिला. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि कोणी न विचारता म्हणाली, “लवकर बोलवा.”

*

उषा छपराजवळून जायची नाही. विहिरीची वाट छपराला लागून होती, पण ती कळशी घेऊन मागच्या काटेरी कुंपणाकडून वळसा घालायची. नर्मदेनं ते कधीचं पाहिलं होतं. जड अंगाच्या पोरीला कसं विचारावं म्हणून गप्प होती. त्या दिवशी दुपारी दोघी तांदूळ निवडायला बसल्या तेव्हा उषाच बोलली.

“आई, मोटारीतनं कोणतरी इचारतं.”

नर्मदेचा हात सुपात थांबला. “काय विचारतं?”

“आला का.”

“कोण?”

“बाईचा आवाज हाय. दमल्यासारखा. दुपारी सगळं सामसूम असतं ना, तेव्हा. ‘आला का?’ बस, एवढंच.” उषानं दोन्ही हात पोटावर घेतले होते. “माझ्या बाळाला इचारते ती. आला का म्हणते. येईल तेव्हा नेईल.”

“काहीतरीच बोलू नको,” नर्मदा म्हणाली. “देवाचं नाव घे.” पण तिनं सूप बाजूला सारलं. कारण हे दोन शब्द पुंडलिकनं तिला सांगितले होते, आणि तिनं ते कोणालाही सांगितले नव्हते. भगवंतलासुद्धा नाही. उषा तर तेव्हा या घरात आलीही नव्हती.

दोन वर्षांमागच्या भादव्यातली गोष्ट. पूर्वेकडच्या डोंगरातल्या करंजपाड्यावरून झोळी खाली आली. झोळीत लाडकी होती, जिवल्याची बायको, पहिलटकरीण. सुईणीचं काही चालेना म्हणून चार माणसांनी तिला चिखलातून वाहून सडकेला आणलं. लाडकीची आई भागी झोळीमागून अनवाणी पळत आली होती. मोटारीत जिवल्या आणि त्याची बहीण बसली, भागीला जागा उरली नाही. तिनं खिडकीची काच धरून ठेवली, सोडेचना. तेव्हा पुंडलिक तिला म्हणाला, “हात काढ, भागी. पालघरास नेतो. उद्या-परवा हिला न् हिच्या पोराला, दोघांना पाड्यावर आणून सोडीन. सडकेवर नाय, पार पाड्यावर. माझा शबुद हाय.”

उमरोळीच्या अलीकडे लाडकी गेली. पोर पोटातच राहिलं. इस्पितळातून मग तिला परत डोंगरात न्यायचं त्राण कोणाला नव्हतं. जिवल्यानं आणि भाऊबंदांनी पालघरलाच काय ते केलं. पुंडलिक रिकामी मोटार घेऊन घरी आला. विहिरीवर बसून त्यानं मागची सीट चोळून चोळून धुतली. नर्मदा पाणी ओढून देत होती. तेव्हा तो म्हणाला, “जायच्या आदी एकदा बोलली ती. ‘आला का?’ बोलली. मी बोललो, आला, आला. दवाखाना तर लांब व्हता.”

त्यानंतर रोज सकाळी मोटार काढायच्या आधी तो डावीकडचं मागचं दार उघडायचा, थोडं थांबायचा आणि लावायचा. त्या जागेवर कोणाला बसवायचा नाही. स्प्रिंग मोडलीय म्हणून सांगायचा. दिवाळी झाली आणि एका थंड सकाळी मोटार सुरू करायला हँडल मारता मारता हँडलानं उलटा झटका दिला. पुंडलिक चाकापाशी बसला तो बसलाच. लोकांनी उचलून ओटीवर आणला तेव्हा तोंड वाकडं झालं होतं.

मोटार छपराखाली राहिली. कोंबड्या आधी तिच्याखाली अंडी घालायच्या, त्या फिरकेनाशा झाल्या. नर्मदा पहाटे सडा टाकायला उठली की तिला दिसायचं, बाकीच्या काचा धुळीनं आंधळ्या आणि मागची डावी काच आतून ओलसर. कोणी तोंडाची वाफ सोडावी तशी. ती सडा टाकायची आणि तिकडे पाठ करून रांगोळी काढायची.

*

रामकिसन आला तो बोलतच आला. मराठवाड्याकडून येऊन पालघरला स्थायिक झालेला, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात कालवणारा. मोटारीभोवती फिरला, नखानं रंग खरवडला, चाकाला लाथ मारली, खाली वाकून पाहिलं.

“चासी मजबूत आहे, भगवंतभाऊ. बाकी सब खल्लास. टायर म्हणजे नुसती वांगी झालीत भाजलेली. पूरी कोण ओढून नेणार? इथंच तोडतो, तुकडे करून नेतो. माई, दोन दिवस ठोकाठोक होईल, डोकं दुखंल तुमचं.” मग खाटेकडे बघून हसत म्हणाला, “बाबांना ठेवून घ्या, गाडी तेवढी देतो म्हणा.”

भगवंत हसला नाही. रामकिसननं जीभ चावली आणि उगाच मागच्या डाव्या दाराची मूठ फिरवली. दार उघडून आत डोकं घातलं, सीटवर तळहात टेकला. तसाच मागे सरकला.

“आत कोण झोपतं काय?”

“नाय. का?”

“गरम आहे. आत्ता कोणी बसून उठल्यासारखी.”

“उन्हानं.”

“छपराखाली आहे, भाऊ,” रामकिसन हळू आवाजात म्हणाला आणि तळहात धोतराला पुसला. मग मात्र त्यानं भराभर व्यवहार उरकला. एक दिवस सोडून माणसं, छिन्न्या आणि घण घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी भागी दारात उभी राहिली. लाकडांची मोळी घेऊन ती बोईसरच्या बाजाराला यायची, पण लाडकी गेल्यापासून या घराच्या बाजूनं चालायची नाही, सडकेच्या पलीकडून जायची. बाजारातच तिला कोणीतरी मोटारीचं सांगितलं असावं. तिनं मोळी उतरवली, पायरीखाली उकिडवी बसली.

“बाय, पाणी दे.”

नर्मदेनं तांब्या आणला आणि रिवाजाप्रमाणे वरून ओतलं. भागीनं ओंजळीनं पाणी प्यायलं, उरलेलं तोंडावर फिरवलं.

“मोटार मोडताव?”

“रस्त्यात येते गं. रेघ बघ ना मारलीय.”

भागी बराच वेळ छपराकडे बघत राहिली. तिचे पाय टाचांपर्यंत भेगाळलेले, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. मग म्हणाली, “मोडा. पन मोडाचे आदी माजे लाडकीला उतरा...”

तेवढ्यात लोखंडी नळ घेऊन दोन ट्रक एकामागून एक गेले. जमीन हादरली, सगळं बोलणं धुळीत गेलं. भागीचे ओठ हलताना दिसले. धूळ बसली तेव्हा ती म्हणत होती, “...तुजे मानसानंच. त्यानंच शबुद दिला.”

नर्मदेच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला हे आधीच कसं सुचलं नाही, असं तिला झालं. “करते गं. आज तिन्हीसांजेला करते. त्यांचा हात लावून करते.”

भागी जरा बुचकळ्यात पडल्यासारखी दिसली. पण तिला बाजार गाठायचा होता. मोळी डोक्यावर घेऊन ती उठली.

नर्मदेनं उतारा केला तो सगळ्या रीतीनं. आंघोळ करून, ओल्या लुगड्यानं भात शिजवला. केळीच्या पानावर भाताची मूद, त्यावर दही, हळदकुंकू, लिंबू, कणकेचा दिवा. पान घेऊन ती ओटीवर गेली.

“अवो, हात लावा. लाडकीसाठी हाय.”

पुंडलिकनं पानाकडे पाहिलं आणि डावी मूठ घट्ट आवळली. मान हलवू लागला, या बाजूला, त्या बाजूला. घशातून सूर काढू लागला. त्याला रडू येतंय असं नर्मदेला वाटलं. “असं करू नये. तिला गती मिळंल,” म्हणत तिनं त्याची बोटं एक एक करून उलगडली आणि पानाला टेकवली. त्यानं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं.

मोटारीवरून पान ओवाळून, मागे न बघता, ती तिठ्यावर ठेवून आली. उषानं सुटकेचा श्वास सोडला. भगवंत घरी आल्यावर एवढंच म्हणाला, “झालं ना समाधान? उद्या ती माणसं येतील, त्यांच्या मधी मधी करू नको.”

सकाळी सडा टाकायला उठली तर काच आतून ओली होती.

*

उन्हं अंगणात येईतो भागी परत आली. आज डोक्यावर मोळी नव्हती. मागोमाग रामकिसनची माणसंही बैलगाडीतून घण, छिन्न्या, करवती घेऊन उतरली. भागी त्यांच्याकडे न बघता सरळ ओटीशी आली.

“बाय, तिठ्याव भात तू टाकला?”

“हो. सांगितलंस ना तू.”

“मी?” भागीचा आवाज चढला. “मी भात टाकाया सांगला? भुताला टाकतात भात. माजी पोर भूत हाय का?”

“अगं, उतारा कर म्हणालीस...”

“उतारा नाय, उतरा! उतरा!” भागीनं हाताचा तळवा मांडीवर आपटला. “माजी पोर पाशिंजर व्हती, बाय. तुजे मोटारीत बसली. पाशिंजरला मोटारवाला काय बोलतो? गाव आला का बोलतो, उतरा. त्याशिवाय कोन उतरल? तिला कोन बोललाच नाय. ती बसलीच हाय.”

रामकिसनचा एक माणूस खांद्यावर घण घेऊन तसाच उभा राहिला.

उषा दाराच्या आडून पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “मावशी, ती इचारते. ‘आला का’ इचारते.”

भागीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “पाडा आला का, ते इचारते. ती कदी मोटारीत नाय बसलेली. मोटारीत बसलं का सगले इचारतात, आमचा आला का, आमचा आला का. तू नको भिऊ, पोरी. तुजेशी तिचा काय नाय.”

उषा चौकटीला धरून खाली बसली. पदर तोंडावर घेऊन ती रडली, पण ते रडणं निराळं होतं.

नर्मदेनं आत जाऊन तांब्या भरून आणला आणि भागीच्या हातात दिला. भागीनं तो घेतला, क्षणभर थांबली, मग तोंड लावून प्यायली. तांब्या खाली ठेवून ती खाटेपाशी गेली आणि पुंडलिकच्या तोंडासमोर जमिनीवर बसली.

“दादा. तू शबुद दिला. माजे लाडकीला उतरा बोल. इथं नको बोलू, इथं उतरून कुठं जाईल ती? पाड्याव चल न् बोल.”

पुंडलिकच्या नजरेत कालपासून जे होतं ते आता नर्मदेला वाचता आलं. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. रोज सकाळी तो दार उघडून थांबायचा, पण बोईसरच्या अंगणात तिला उतर कसं म्हणावं ते त्याला कळत नसावं. करंजपाड्याला सडक नव्हती. मोटार जायची कशी? तो आज-उद्या करत राहिला आणि मग त्याची जीभच गेली.

त्यानं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. डावा हात खाटेची दोरी ओढू लागला. नुसती हवा आली, मग लाळ, मग तो सूर. भागी वाट बघत बसली. पुन्हा त्यानं तोंड उघडलं. सगळं अंगण वाट बघत होतं. शेवटी त्याची मान उशीवर पडली आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“ऱ्हाऊ दे, दादा,” भागी म्हणाली. तिनं त्याच्या लुळ्या उजव्या हातावर आपला हात ठेवला. “तुजी जीब बी अडकली.”

घणवाल्या माणसानं घण खाली ठेवला. रामकिसन डोकं खाजवत म्हणाला, “भगवंतभाऊ, आता काय करायचं बोला. माझी माणसं खोळंबलीत. पण हे... हे ऐकून दारावर घाव कोण घालणार?”

“कोणी काय ऐकलं नाय,” भगवंत म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “लोखंड हाय. सुरू करा.”

“तू घाल मग पहिला घाव,” नर्मदा म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. भगवंतनं तिच्याकडे पाहिलं, घणाकडे पाहिलं. उषा चौकटीत बसून त्याच्याकडे बघत होती, दोन्ही हात पोटावर. त्यानं घणाला हात लावला नाही.

नर्मदा भागीकडे वळली. “माणसाच्या बदली माणसानं बोललेलं चालतं का गं तुमच्यात?”

“कोन बोलल?”

“मी. त्यांचा शब्द तो माझाही शब्द. लग्न लागलंय आमचं. पण मोटार काही येणार नाही.”

भागीनं विचार केला. उठून ती छपराखाली गेली आणि मागच्या काचेतून आत बघत राहिली. कोणी तिला हटकलं नाही. तिनं काचेवर बोट ठेवलं, ओल होती तिथे, बाहेरच्या बाजूनं. परत आली तेव्हा म्हणाली, “मोटार नाय आली तरी चालल. ती बसली ती जागा आन. हलवू नको, आपटू नको. पार पाड्याव आन, माजे दारात ठेव न् बोल.”

“आणीन.”

“कदी?”

“उद्या सकाळी. पूजा झाली की निघते.”

“आमचे पाड्याव तुमची मानसा येत नाय, बाय.”

“मी येईन,” नर्मदा म्हणाली.

भागी गेली. दारात सारवून ठेवायला हवं म्हणून गेली, थांबली नाही.

*

मागचं दार नर्मदेनंच उघडलं. दोन माणसं आत शिरून सीटखालचे बोल्ट सोडवू लागली. गंजून घट्ट बसले होते. तेल सोडलं, पाना लावला, दातओठ खाल्ले. रामकिसन बाहेरून ओरडत होता, “हळू! हळू, रे! आपटली तर बघा!” सीट बाहेर आली तेव्हा खालच्या पत्र्यावर तिच्याच मापाचा स्वच्छ चौकोन राहिला होता. काळं रेक्झिन कडेला फाटलं होतं, आतला काथ्या दिसत होता. मधोमध एक फिकट, गोल डाग होता, धुऊनही न गेलेला. दोघांनी सीट उचलून ओटीच्या कडेला, सावलीत ठेवली. मग ते दूर जाऊन हात धुऊन आले.

“ह्याचं काही लावत नाही मी, माई,” रामकिसन म्हणाला. “लोखंड थोडंच आहे त्यात. काथ्याच सगळा.” थोड्या वेळानं, कोणी विचारलं नसताना, पुन्हा म्हणाला, “आमच्याकडंही बहीण होती.” आणि घण स्वतः उचलला.

मग दिवसभर मोटार तुटत राहिली. बॉनेट गेलं, मडगार्ड गेले. छिन्नी पत्र्यात शिरली की किंकाळीसारखा आवाज यायचा. टप कापून उलटा केला तेव्हा त्यातून वाळकी पानं, मेलेल्या गांधीलमाश्या आणि कधी काळी उतरलेल्या माणसांच्या विड्यांची थोटकं पडली. पुंडलिक डोळे उघडे ठेवून सगळं बघत होता. नर्मदेनं खाट आत घेऊ का म्हणून विचारलं तर त्यानं डाव्या हातानं खाटेची पाटी धरून ठेवली. प्रत्येक घावाला त्याचं चांगलं अंग हलत होतं, आणि हळूहळू ते हलायचं थांबलं. दुपारी त्यानं पेज प्यायली. कितीतरी दिवसांनी पूर्ण वाटी प्यायली.

संध्याकाळी छपराखाली तेलाचा काळा ओघळ आणि चार दगड उरले. तिन्हीसांजेला नर्मदेनं तुळशीला दिवा लावला. मग जरा घुटमळून दुसरी पणती घेतली आणि सीटजवळ ठेवली, वारा लागू नये अशी, आडोशाला. उषा विहिरीवर निघाली होती. छपराच्या वाटेनं गेली आणि त्याच वाटेनं आली.

सकाळी नर्मदा रोजच्यासारखी उठली. सडा, रांगोळी, आंघोळ. देवापुढे बसून नाव घेतलं. मधे कोणाचा आवाज आला नाही. नाव सरळ पहिल्यापासून शेवटापर्यंत गेलं, आणि तेच तिला अनोळखी वाटलं. पुंडलिकला धुऊन, पुसून, खाऊ घालून तिनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला. “जाऊन येते,” म्हणाली. त्यानं डोळे मिटून उघडले.

शेजारच्या नवशानं बैलगाडी जुंपून आणली होती. त्याला डोंगराकडून गवत आणायचंच होतं. सीट चढवायला तो पुढे झाला, तर भगवंत कामावर जायच्या कपड्यांत आतून आला, त्यानं एक कड धरली. दोघांनी सीट गाडीत, बसणाऱ्याचं तोंड पुढे येईल अशी ठेवली. भगवंतनं खाली पेंढा सारला, हलवून पाहिली, आणखी पेंढा सारला.

“वाट वाईट हाय वर,” तो म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

उषा सूप घेऊन आली. सुपात तांदूळ होते, नारळ होता, खण होता. नर्मदेनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोटुशी गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, आणि उषासारख्या अवघडलेल्या बाईनं तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, हे तिला ठाऊक होतं. ओठावर आलं होतं. पण पोर आधीच गाडीशी पोचली होती. तिनं खण सीटवर ठेवला, त्यावर नारळ आणि पसाभर तांदूळ ठेवले, हळदकुंकू वाहिलं आणि वाकवत नसतानाही जरा वाकली.

नर्मदा पुढे नवशाच्या बाजूला, धुऱ्यावर बसली. गाडी सडक ओलांडून पूर्वेच्या वाटेला लागली. रेल्वेचं फाटक मागे पडलं. ट्रकांचा आवाज मागे पडला. दोन्हीकडे राब भाजून काळी झालेली शेतं, पळसाची पानं, उन्हानं नुकता धरलेला चटका. नवशा तोंडानं टक टक करत बैल हाकत होता. एकदोनदा त्यानं मागे वळून सीटकडे पाहिलं.

चढाच्या अलीकडे किनाऱ्यावरच्या नवापूरची कोळीण जमना दिसली. सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन ती पाड्यांवर विकायला निघालेली. घामानं भिजली होती. गाडी बघून थांबली.

“नवश्या, एकटाच मजेत चाललास? काकी, तुमी कुठं इकडं? बरं झालं बाय, माझे पाय गेले नुसते.” तिनं पाटी सावरली आणि गाडीच्या मागच्या बाजूला हात घातला. “गादीची सीट काय, वा! बसते मी मागं. जागा हाय.”

“नको, जमना,” नर्मदा हळू म्हणाली. “तिथं अवघडलेली बसलीय.”

जमनानं सीटकडे पाहिलं. खणाकडे पाहिलं, तांदळाकडे पाहिलं. तिनं गाडीवरचा हात काढून घेतला, पाटी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पदर नीट केला, आणि वाट देण्यासाठी बांधावर चढून उभी राहिली.

“मंग सावकाश जावा,” ती म्हणाली.